वस्तीतल्या मुलामुलींचा गट : नातं, नकार आणि निर्णय यांवर बोलायचं कसं?

वैजयंती_सातपूर

नमस्कार. नाशिकच्या सातपूरमध्ये आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात आम्ही काही जणी दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते अकरावीच्या मुलामुलींचा गट घेतो. सुरुवात अभ्यासिका म्हणून झाली. वस्तीतली बहुतेक घरं एमआयडीसीतल्या पाळ्यांवर चालतात. एका खोलीत पाच माणसं, त्यात कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं, त्यामुळे मुलांना बसून वाचायला जागा हवी होती. पण पुस्तकं उघडली की तासाभरात गप्पा कुठे वळायच्या ते सांगायला नको. कोण कुणाला लाइन देतं, कुणी कुणाला ब्लॉक केलं, कुणाच्या भावाने कुणाला नाक्यावर गाठून दम दिला.

मग नववीतली एक मुलगी यायची बंद झाली. चौकशी केली तेव्हा कळलं की एक मुलगा रोज तिच्या क्लासच्या वाटेवर उभा राहायचा. बोलायचा काही नाही, नुसता मागे मागे चालायचा. तिने घरी सांगितलं. घरच्यांनी क्लास बंद केला, अभ्यासिका बंद केली, मोबाइल काढून घेतला. त्या मुलाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मुलीने खरं सांगितलं आणि शिक्षा तिलाच झाली. हे बघून बाकीच्या मुली एवढंच शिकल्या की घरी सांगायचं नाही.

तेव्हापासून आम्ही शनिवारचा एक तास याच विषयांना दिला आहे. एक प्रश्नपेटी ठेवली आहे : बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर त्यावर बोलायचं. चिठ्ठ्यांत काय काय येतं बघा : 'ती मेसेज बघते पण रिप्लाय देत नाही, म्हणजे तिला राग आलाय की तिला नकोय?' 'ब्लॉक केलं तर मित्राच्या फोनवरून विचारलं तर चालतं का?' 'तो म्हणतो फोटो पाठव, नाहीतर तुझं प्रेम नाही.' 'हात धरला तर दिवस जातात का?' अकरावीच्या मुलीच्या अक्षरातली ही शेवटची चिठ्ठी वाचून मला रडू आलं.

प्रसंग करून दाखवणं हा आमचा दुसरा मार्ग. एकदा असा प्रसंग घेतला : तो तिच्याकडे इन्स्टाचा पासवर्ड मागतो, तिला द्यायचा नाही. पहिल्या फेरीत बहुतेक मुलगे म्हणाले, लपवायचं काही नसेल तर द्यायला काय हरकत आहे. मुलीही म्हणाल्या, दिला नाही तर त्याला संशय येईल. मग त्याच जागी पासवर्ड मागणारी मुलगी आणि देणारा मुलगा असं उलट केलं. सगळे मुलगे एकदम बोलायला लागले, 'मित्रांचे मेसेज असतात त्यात, ते कसे दाखवणार?' मी विचारलं, मग तिच्या मैत्रिणींच्या मेसेजचं काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर एका मुलाने स्वतःहून सांगितलं की त्याच्याकडे एका मुलीचा पासवर्ड आहे आणि तो रात्री तिचे मेसेज उघडून बघतो. पुढच्या आठवड्यात त्याने तिला पासवर्ड बदलायला सांगितल्याचं कळलं.

माझं मत असं की या वयात मुलांना उपदेशाची नाही, सरावाची गरज असते. नाही म्हणायचा सराव, दुसऱ्याचं नाही ऐकून शांत राहायचा सराव, घाईत ठरवायचं नाही याचा सराव. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून 'किशोरवयातील समस्या' यावर व्याख्यान ठेवलं तर मुलं माना डोलावतात आणि घरी जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अडचणी तीन आहेत. काही पालकांना वाटतं आम्ही मुलांना नको ते शिकवतो. मुलगे दहावीनंतर गळतात, मुली टिकतात. आणि कायद्याच्या बाबतीत, एखाद्या मुलीने किंवा मुलाने काही सांगितलं तर आम्ही नक्की काय करायचं, हे आमच्यात कुणालाच नीट ठाऊक नाही. ज्यांनी असं काम केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.

डॉ_अनुराधा

वैजयंती, तुमचा डबा चालू ठेवा. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पाळी चुकली की मुली दोन-दोन, तीन-तीन महिने पोटात ठेवतात आणि मग आईबरोबर येतात, तेव्हा आमच्याही हातात फार थोडे पर्याय उरलेले असतात. तेच आधी एखाद्या ताईला सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

सरकारी व्यवस्थेत तुमच्या गटासाठी जागा आहे, ती वापरा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. लैंगिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्य, आहार, व्यसन, हिंसा हे सगळे विषय त्यात आहेत. गावपातळीवर मुलामुलींमधूनच साथी निवडायचे, दोन मुलगे, दोन मुली, अशी रचना आहे. आणि रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी स्वतंत्र क्लिनिक असतं, आपल्याकडे त्याला 'मैत्री' म्हणतात. तिथे समुपदेशक असतो.

मुलं तिथे का जात नाहीत? कारण क्लिनिकची खोली बहुधा गरोदर बायकांच्या ओपीडीजवळ असते. बाकावर शेजारची काकू बसलेली. सोळा वर्षांच्या मुलीला तिथून आत जायचं म्हणजे गावभर बोभाटा. म्हणून माझी सूचना अशी : काही झालेलं नसताना, साध्या दिवशी, अख्खा गट घेऊन 'मैत्री'त जा. खोली बघू दे, समुपदेशकाशी हसून बोलू दे, वजन-उंची-हिमोग्लोबिन करून घ्या. एकदा पायाखालची वाट झाली की पुढे कुणी एकटं आलं तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. आमच्याकडे हे केल्यावर मुलगेसुद्धा यायला लागले. बहुतेकांचे प्रश्न स्वप्नदोष आणि हस्तमैथुन यांचे होते. त्यावर बाजारात पैसे उकळणारे वैदू ढिगाने आहेत.

विलासराव_चिंचवड

वैजयंतीताई, आपली तळमळ कळते. तरीही मला पटत नाही ते स्पष्ट सांगतो. मला पंधरा वर्षांची मुलगी आहे. या गोष्टी घरात आईने मुलीला आणि वडिलांनी मुलाला सांगायच्या असतात. समाजमंदिरात चाळीस मुलामुलींसमोर पासवर्ड, फोटो, असले प्रसंग करून दाखवले तर ज्याला ठाऊक नाही त्यालाही ठाऊक होतं. या वयात अभ्यास, खेळ, वाचन यांत मुलं गुंतवून ठेवली तर हे प्रश्न निम्म्याने कमी होतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गुरुजी_पैठण

विलासराव, घरात सांगायला हवं हे अगदी खरं. पण सांगतं कोण? मी जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्याकडे मुलीला घरात जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा लग्न ठरल्यावर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्न उरकतात. आईबाप वाईट नसतात हो, त्यांच्या जिवाला घोर असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आधीच्या फेरीत ते २६.३ होतं. कमी झालं, पण अजून पाचात एक आहे.

आमच्याच तालुक्यात पाचोडला आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे, आयएचएमपी. त्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी जे केलं ते वैजयंतीताईंनी जरूर समजून घ्यावं. शाळा सुटलेल्या, कामाला जाणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या कोण? गावातल्याच बायका, सातवी वगैरे शिकलेल्या, ज्यांना संस्थेने तयार केलं. आरोग्य, शरीर, पाळी, कायदा, गावातल्या सरकारी कचेऱ्या, पैशाचा हिशेब. या वर्गांच्या गावांत मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. वाचणाऱ्याला एक वर्ष म्हणजे काहीच नाही वाटेल. पण सोळाव्या वर्षी बोहल्यावर उभी राहणारी मुलगी आणि सतराव्या वर्षी उभी राहणारी मुलगी, पहिल्या बाळंतपणात त्या दोघींच्या जिवाला असणारा धोका सारखा नसतो. शिवाय त्या वर्षभरात ती बापासमोर तोंड उघडायला शिकते. एका मुलीचं लग्न पुढे ढकललं गेलं की भावकीतल्या दुसऱ्या बापालाही धीर येतो.

मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'रोज' आणि 'गावातली बाई'. बाहेरचा तज्ज्ञ येतो आणि जातो. गावातली बाई दुसऱ्या दिवशी हापशावर भेटते, मुलगी गप्प दिसली तर विचारते.

शाळेचं विचाराल तर २००७ साली मी नवा होतो. किशोरशिक्षणाच्या, म्हणजे लैंगिक शिक्षण असलेल्या, पुस्तिका आल्या, गदारोळ झाला, आणि राज्याने ते थांबवलं. नंतर जीवनकौशल्यं, मीना-राजू मंच (शाळेतल्या मुलामुलींचा गट) अशा वाटांनी विषय परत आत आला. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलांबरोबर 'जेम्स' नावाचा प्रयोग झाला. स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू, मुंबईच्या वस्त्यांत काम करणारी कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून केलेला. घरातली कामं कुणी करायची, मारणं म्हणजे काय, चिडवणं कुठे संपतं आणि त्रास कुठे सुरू होतो, यावर वर्गात खेळ आणि चर्चा. तिथेही नुसती शाळेत मोहीम घेतलेल्यांपेक्षा गटात बसून नियमित चर्चा केलेल्या मुलांमध्ये फरक जास्त दिसला.

ओंकार_पर्वती

मी एकोणीस वर्षांचा आहे, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नववीत असताना आमच्या वस्तीत फक्त मुलग्यांचा गट चालायचा, मी त्यात होतो. आत्ता तिथेच दादा म्हणून मदत करतो.

वैजयंतीताई, मुलगे का गळतात ते मी सांगू शकतो. दहावी झाली की आमच्यातले निम्मे कामाला लागतात. गॅरेज, डिलिव्हरी, मंडप. सहा वाजता कुणी मोकळं नसतं. आम्ही गट रात्री साडेनऊला नेला तेव्हा परत यायला लागले. दुसरं कारण म्हणजे आल्या आल्या 'मुलींचा आदर करा' ऐकायला लागलं की मुलग्याला वाटतं, इथे आपल्याला गुन्हेगार म्हणूनच बोलावलंय. आम्हाला पहिल्या दिवशी दादाने विचारलं होतं, शेवटचं कधी रडलास? कुणी उत्तर दिलं नाही. मग हळूहळू एकेक जण बोलला. बापाचा मार, दारू, नापास झाल्यावर घरच्यांनी काढलेले उद्धार. ते सगळं बोलून झाल्यावरच मुलींचा विषय निघाला, आणि तेव्हा आम्ही ऐकायच्या मनःस्थितीत होतो.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्यातला एक मित्र एका मुलीच्या मागे होता. ती नाही म्हणाली. आमच्यात रीतच अशी की मित्राला भिडवायचं, 'सोडू नको, मानेल'. तिच्या घराखाली चौघं बाइक घेऊन उभे राहायचे, त्याला आधार म्हणून. गटात यावर बोलणं झाल्यावर मी त्या रात्री गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चहाला नेलं आणि म्हटलं, भावा, ती आपल्याला बघून खिडकी लावून घेते, हे तुला दिसत नाही का? तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण नंतर कुणीच गेलं नाही, कारण चौघं नसले की एकट्याला तिथे उभं राहायची हिंमत नसते. माझं म्हणणं एवढंच की मजनूला समजावण्याआधी त्याच्या मित्रांना धरा.

मेधा_एडिसन

ओंकार, फार छान लिहिलंस. मी न्यू जर्सीत राहते, मुलगा आठवीत आहे. इथे २०११ पासून सातवी ते बारावीच्या आरोग्याच्या तासात डेटिंगमधल्या हिंसेबद्दल शिकवणं राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. सुरुवातीला मलाही दडपण आलं होतं, आपल्या घरात डेटिंग हा शब्दच नाही. पण त्याच्या वहीत जे होतं ते वाचून धीर आला. सतत कुठे आहेस विचारणं, मैत्रिणींपासून तोडणं, जिवाचं बरंवाईट करून घेईन अशी धमकी देणं, ही काळजीची नव्हे तर ताब्यात ठेवण्याची लक्षणं आहेत, असं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. लग्न झालेल्या कितीतरी बायकांना हे चाळिशीत उमगतं.

ओंकारच्या मित्रांच्या मुद्द्यावरून आठवलं. इथे 'कोचिंग बॉइज इंटू मेन' नावाचा कार्यक्रम आहे. वेगळा वर्ग नाही, वेगळे शिक्षक नाहीत. शाळेच्या संघाचा कोचच सरावाच्या आधी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं बोलतो : संघातला एखादा मुलगा मुलीबद्दल घाण बोलला तर तू काय करशील, पार्टीत कुणी शुद्धीत नसेल तर काय करशील. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या हायस्कुलांमध्ये याची नीट चाचणी झाली. सीझन संपताना या संघांतले खेळाडू इतरांपेक्षा जास्त वेळा मध्ये पडून थांबवत होते आणि वर्षभराने त्यांनी स्वतः केलेल्या त्रासाचं प्रमाणही कमी होतं. मुलगा आईबापाचं ऐकणार नाही, कोचचं ऐकतो. संघातून बाहेर बसवण्याची ताकद त्याच्याकडे असते.

आणि हाच कार्यक्रम मुंबईत आला होता, क्रिकेटवर बसवून, 'परिवर्तन' नावाने. शाळांचे क्रिकेट कोच आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमधले वस्तीतले तरुण मार्गदर्शक, दोघांबरोबर. पुढे तिथल्या मुलींसाठी कबड्डी घेऊन तेच काम झालं. विलासराव, तुम्ही खेळात गुंतवा म्हणालात, तर खेळ आणि हा विषय एकत्र चालतात, याचं हे उदाहरण.

सुलभा_म्हापसा

मी गोव्यात शाळा समुपदेशक आहे. शिक्षकांवर सगळा भार टाकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पर्वरीच्या 'संगत' संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकाने चालवला, काही शाळांत त्याच कामासाठी तयार केलेल्या साध्या पदवीधर तरुणाने किंवा तरुणीने, ज्यांना तिथे मित्र म्हणत. कार्यक्रम तोच : भिंतीपत्रक, सूचनांची पेटी, मुलांची समिती, वर्गात गटचर्चा, एकट्याने बोलायला वेळ. मित्र असलेल्या शाळांत दादागिरी कमी झाली, मारामाऱ्या कमी झाल्या, उदासपणा कमी झाला, मुलामुलींच्या समानतेबद्दलची मतं बदलली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक जवळजवळ नाही. २०१८ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो, त्याच्यासमोर पोर मन कसं मोकळं करणार? आणि त्याला वेळ तरी कुठे असतो? म्हणून वैजयंतीताई, तुमच्यातल्या कुणी या मुलांची शिकवणी घेत असेल तर गट तिने घेऊ नये.

अ‍ॅड_शुभांगी

कायद्याचं मी लिहिते, कारण इथे गोंधळ महागात पडतो.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची लैंगिक संबंधाला संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नाही. दोघंही सतरा वर्षांचे असले, दोघांच्या मर्जीने झालं असलं, तरीही. प्रत्यक्षात घरच्यांनी तक्रार केली की मुलावर गुन्हा दाखल होतो आणि मुलगी पळून गेलेली असेल तर तिची रवानगी बालिकागृहात होऊ शकते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही, हा निर्णय बाल न्याय कायदा २०१५ नुसार बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतर होतो. विधी आयोगाने २०२३ साली संमतीचं वय अठरावरून खाली आणू नये असाच अहवाल दिला. तेव्हा कायदा बदलेल या आशेवर मुलांना ठेवू नका. मुलग्यांना हे स्पष्ट कळायलाच हवं, पण भीती घालण्यासाठी नव्हे. 'तुमचं प्रेम खोटं आहे' असं त्यांना सांगू नका. 'आज घेतलेल्या एका निर्णयाचा कायद्यात हा अर्थ होतो, थांबलात तर काही बिघडत नाही' असं सांगा.

तुमची जबाबदारी : असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत मुलांना सांगून ठेवा, 'इथलं बोलणं आम्ही बाहेर नेणार नाही, पण कुणी तुमच्या शरीराला इजा किंवा जबरदस्ती करत असेल तर आम्हाला मदत बोलवावीच लागते, आणि ती तुम्हाला सांगून बोलवू.' आधी शपथ घालून गुपित काढून घ्यायचं आणि नंतर पोलिसांकडे जायचं, हा विश्वासघात होतो. चाइल्डलाइनचा १०९८ आणि मनाचा भार असह्य झालेल्या मुलांसाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

फोटोंबद्दल. अठराखालच्या कुणाचाही नग्न फोटो काढणं, पाठवणं, पुढे ढकलणं, फोनमध्ये जपून ठेवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली येतं. पुढे ढकलणाऱ्या मित्रालाही ते लागू होतं, हे मुलांना ठाऊकच नसतं. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत, संवाद पुसून टाकू नये, स्क्रीनशॉट ठेवून केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करावी.

डॉ_अनुराधा

शुभांगीताईंच्या मुद्द्याला जोडून : सक्तीच्या कळवण्याच्या भीतीने मुली आमच्याकडे येतच नाहीत आणि भलत्याकडून गोळ्या घेतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. गटातल्या मुलींच्या आयांना हे माहीत असू द्या.

विलासराव_चिंचवड

सर्वांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. फोटो पुढे पाठवणाराही अडकतो हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. माझ्या भाच्याच्या फोनमध्ये काय असेल या विचाराने रात्री झोप लागली नाही. ओंकारच्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

दोन गोष्टी विचारतो. घरात हा विषय काढायचा कसा? मी तोंड उघडलं की मुलगी कानकोंडी होते आणि उठून जाते. आणि मुलं-मुली एकत्र बसवणं मला अजूनही रुचत नाही. मुलगी मुलांसमोर पाळीबद्दल कशी विचारेल?

वैजयंती_सातपूर

काका, दुसऱ्या प्रश्नात तुमचं बरंचसं बरोबर आहे. शरीर, पाळी, स्वप्नदोष हे आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत घेतो. मुलींचं मी घेते, मुलग्यांचं आमच्यातल्या एकीचा धाकटा दीर घेतो. पण पासवर्ड, पाठलाग, नकार, घरातली कामं, हे एकत्रच घेतो. मुलीला काय वाटतं ते मुलाने तिच्या तोंडून ऐकलं नाही तर तो ते मोबाइलवरून शिकतो. तिथे नको तेच शिकतो.

घरात विषय काढायचा तर समोर बसवून काढू नका. पालकांच्या बैठकीत एका बाबांनी सांगितलेली गोष्ट मला फार पटली. ते मुलीला गाडीवरून क्लासला सोडतात. गाडीवर दोघांची तोंडं पुढे असतात, नजरेला नजर नसते, उठून जाता येत नाही आणि दहा मिनिटांत रस्ता संपतो. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, 'तुला कुणी त्रास दिला आणि तू मला सांगितलंस, तर तुझा क्लास बंद होणार नाही आणि तुझा फोन काढून घेणार नाही.' दुसरं काही नाही. तिने पंधरा दिवसांनी सांगितलं. मी आता प्रत्येक पालकाकडून बैठकीत हे वाक्य मोठ्याने म्हणवून घेते. म्हणताना पुष्कळांचा आवाज अडतो, कारण असं वचन दिल्यावर ते पाळावं लागतं.

ओंकार, रात्री साडेनऊची वेळ मी आमच्या मुलग्यांना विचारते. समाजमंदिराची किल्ली नगरसेवकांच्या कार्यालयात असते, ती रात्री मिळवायला थोडी धावपळ करावी लागेल.

गुरुजी_पैठण

मुलग्यांबरोबर काम करणाऱ्यांत 'मावा' ही मुंबईची संस्था आहे, हरीश सदानी यांची, १९९३ पासूनची. २००६ पासून त्यांचा 'युवा मैत्री' उपक्रम कॉलेजच्या मुलांना तयार करतो, आणि ती मुलं पुढे आपापल्या गावांत गट घेतात. पुण्याला इक्वल कम्युनिटी फाउंडेशन वस्त्यांतल्या १३ ते १७ वयाच्या मुलग्यांबरोबर काम करते. शरीरसाक्षरतेसाठी पुण्याचंच 'तथापि', आणि गडचिरोलीला 'सर्च'मध्ये डॉ. राणी बंग यांचं तारुण्यभान शिबिर. वैजयंतीताई, तुमच्यातल्या दोघी-तिघींनी आधी यांपैकी एखादं प्रशिक्षण घ्यावं. प्रश्नपेटीत कधी असा प्रश्न निघतो की आपणच गांगरतो, आणि आपण गांगरलो की मुलं पुढच्या वेळी कोरी चिठ्ठी टाकतात.

विलासराव_चिंचवड

गाडीची कल्पना करून बघतो. एकत्र गटाबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण आमच्या सोसायटीत मुलग्यांचा वेगळा गट सुरू करायला मी जागा मिळवून देऊ शकतो. ओंकार, पर्वतीहून रविवारी सकाळी चिंचवडला येणं जमेल का? जाण्या-येण्याचा खर्च मी बघेन.

ओंकार_पर्वती

काका, रविवारी सकाळी मला मंडपाचं काम असतं, दुपारनंतर जमेल. खर्चाचं राहू द्या. फक्त मुलांना आधी सांगू नका की कशाबद्दल बोलायचंय. क्रिकेटला बोलवा, बाकी मी बघतो.

वैजयंती_सातपूर

करून दाखवायचे प्रसंग मी वहीत लिहून ठेवले आहेत. पासवर्डचा, बाइकवर चौघांचा (ओंकारची परवानगी असेल तर), लग्न ठरवायला पाहुणे आलेत आणि मुलीला बारावी करायची आहे त्याचा, आणि ब्रेकअपनंतर 'मी काहीतरी करून घेईन' म्हणणाऱ्या मित्राचा. ज्यांना हवे आहेत त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, फोटो काढून पाठवते. शेवटच्या प्रसंगावर डॉक्टरांनी एकदा नजर टाकावी अशी विनंती आहे, तो त्यांनी बघितल्याशिवाय मी गटात घेणार नाही.

डॉ_अनुराधा

पाठवा. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवते. त्यात मित्राने एकट्याने तो भार घ्यायचा नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही, हे आलंच पाहिजे.